रेड्याचा डावा पाय

आमच्या गावात चाळीस वर्षं एक गोष्ट चालत आली आहे. थोरल्याच्या घरी ट्रॅक्टर आला त्या दिवशी थोरला ऐटीत वर बसला आणि त्याने क्लचवर डावा पाय असा काही दाबला, की पेडल तुटून खाली जमिनीत वीतभर घुसलं. ते बाहेर काढायला दोन बैल लावावे लागले. मग लोहार हात जोडून म्हणाला, "बाबा रे, तुझ्या पायाला पुरेल असं लोखंड माझ्याकडे नाही. तू आपला हातानेच क्लच ओढ." म्हणून त्या ट्रॅक्टरला डावं पेडल नाही. त्या जागी हाताने ओढायचा दांडा आहे.

गोष्ट चांगली आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिच्यात एकच बैल होता. दुसरा मी मागाहून जोडला.

मला गावात थापाडे तात्या म्हणतात आणि त्याचा मला कधी राग आला नाही. विहिरीत उतरून पाणी पिऊन गेलेला ढग मी सांगितला. वाऱ्याने उडून शेजारच्या गावात पडलेलं आणि तिथेच पिकलेलं शेत सांगितलं. लोक हसले, चहा पाजला, घरी गेले. त्या ढगावर कुणी विश्वास ठेवला नाही. पेडलावर मात्र ठेवला, कारण ती गोष्ट खरी असावी असं सगळ्यांनाच वाटत होतं.

त्या ट्रॅक्टरला आम्ही रेडा म्हणायचो. पुढून सपाट कपाळ, मागून बुटका, आणि सुरू झाला की नाकातून धूर. थोरला वारला तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, तो गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. महिन्यातून एकदा आत्या त्या कोंबड्यांना हुसकवायची, सांध्यांत तेल सोडायची, आणि फडक्याने त्याचं कपाळ पुसायची.

आत्या म्हणजे थोरल्याची धाकटी बहीण. लहानपणी ताप आला आणि तिचा डावा गुडघा आखडला, तो सरळच राहिला. पाय काठीसारखा. चालताना तो बाजूने गोल फिरवून पुढे आणायचा. लग्न झालं नाही. थोरल्याचा मुलगा, ज्याला मी पुतण्या म्हणतो, तिला आत्या म्हणायचा म्हणून सगळं गाव आत्या म्हणू लागलं, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला मीसुद्धा. शेडच्या मागे एक खोली होती, तिथे ती राहायची. चूल वेगळी. पुतण्याची बायको वाईट नव्हती, ताट पाठवायची. पण आत्या ते ताट झाकून परत पाठवायची. गावाच्या वर माळ आहे, तिथे ती स्वतः पेरायची, स्वतः काढायची, आणि त्यावरच वर्षभर जेवायची. "मला वाढलेलं जेवण उतरत नाही," म्हणायची. "पिकवलेलं उतरतं."

आणि तोच माळ पुतण्याने खडीवाल्यांना द्यायचं ठरवलं. खाली सलग काळा दगड आहे, तो फोडून खडी करायची. माळावर आत्याचा हरभरा घाट्यांत भरत आलेला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

माळाबरोबर रेडाही निघाला. जुनी यंत्रं जमवणारा कुणी शौकीन होता, त्याला खबर लागली. त्याने आपला माणूस पाठवला. त्या माणसाचं कामच ते: यंत्र ओळखायचं, त्याचं वय काढायचं, त्याने जन्मभर काय काम केलं ते चार ओळींत लिहायचं. ती पाटी यंत्राशेजारी लागते आणि लोक तिकीट काढून वाचतात. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं, म्हणून तो दुपारपर्यंत गावाचा भिंगवाला झाला.

शेडमध्ये दहा-बारा माणसं जमली. मी होतोच. असल्या ठिकाणी मला बोलवावं लागत नाही.

भिंगवाल्याने आधी खिशातून पातळ पातं काढलं आणि रेड्याच्या कपाळावरचा रंग नखाएवढा खरवडला. वर हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली करडा, आणि अगदी तळाशी पिवळे-काळे पट्टे.

"हा शेतातला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" पुतण्याने विचारलं.

"कारखान्याच्या आवारात मालाचे डबे ढकलायला केलेला. म्हणून कपाळ सपाट. नांगर ओढायला जन्मलाच नाही हा."

"म्हणजे आमचा रेडा नोकरीवाला!" मी म्हणालो. सगळे हसले. भिंगवाला हसला नाही. तो खाली वाकला होता.

"मागची चाकं दुसऱ्याच कशाची. धावेवर लोखंडी पट्ट्या जोडल्यात, दगडात पकड यावी म्हणून. आणि हे बघा." त्याने पोटाखाली हात घातला. "गिअरपेटीच्या मागे दुसरी गिअरपेटी. ट्रकची. दोन्ही पहिल्यात टाकल्या तर हा मुंगीच्या चालीने जाईल, पण वाटेत येईल ते उपटून. इतकं बारीक काम कुणी केलं?"

"आमच्या लोहाराने," कुणीतरी म्हणालं. "वारला तो."

"चांगला माणूस होता." भिंगवाला उठला, डाव्या बाजूला आला, थांबला. "डावं पेडल?"

झालं. दहा जण एकदम बोलायला लागले. थोरला कसा बसला, पाय कसा दाबला, जमिनीत किती घुसलं. एकाने बैल तीन केले. तो तिसरा माझा नव्हता. पुतण्या छाती पुढे काढून म्हणाला, "आमचे दादा पैलवान होते. यानेच त्यांनी माळ मोडला. तेवढं लिहा पाटीवर."

भिंगवाल्याने भिंग लावलं. पेडलाच्या बुंध्याशी बराच वेळ लावून धरलं.

"तुटलेलं नाही," तो म्हणाला. "करवतीने कापलंय. आणि वर कानस फिरवलीय, कुणाच्या पायाला टोचू नये म्हणून."

शेडमध्ये एक कोंबडी तेवढी बोलली.

"इथे पन्हाळीसारखी पट्टी जोडलीय, बघा. पाय सरळ ठेवायला. आत पायाने घासून गुळगुळीत झालीय. सीट चार बोटं उजवीकडे सरकवलीय. चढायला पायरी बाजूला नाही, मागे आहे. आणि पुढे या." आम्ही मेंढरांसारखे पुढे गेलो. "हँडल मारायच्या या दाढा. अशा जुन्या यंत्राच्या दाढा झिजून गोल होतात. या नव्यासारख्या आहेत. म्हणजे याला हँडल मारून कुणी सुरू केलंच नाही. उतारावर उभा करायचा आणि सोडून द्यायचा. हँडल मारायला दोन्ही पायांवर जोर लागतो." तो परत मागे गेला आणि क्लचच्या दांड्याची मूठ धरली. "माझी चार बोटं मावत नाहीत इथे. लहान हात. डावा गुडघा न वाकणारं, बेताच्या उंचीचं माणूस. त्याच्या मापाने शिवलेला सदरा आहे हा." मग पुतण्याकडे वळून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमचे वडील पायाने अधू होते का?"

सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. तिथे आत्या उभी होती, डोक्यावर कडब्याचा भारा. किती वेळ उभी होती कोण जाणे. भारा तिने खाली टाकला नाही. मान ताठ, एक हात भाऱ्याला, डावा पाय बाजूला टेकलेला. भिंगवाला तिच्या पायाकडे बघत होता आणि मग पन्हाळीकडे.

"चहा घ्या हो, चहा घ्या," पुतण्या मोठ्याने म्हणाला. "निवतोय."

आता खरं सांगतो. खरं सांगताना मला शब्द पुरत नाहीत, सवय नाही.

थोरल्याच्या वडिलांनी भंगारातून तो सांगाडा आणला आणि एक कागद करून ठेवला: माझ्या दोन लेकरांपैकी जे लेकरू माळ मोडून पेरता करील, माळ त्या लेकराचा. थोरला पैलवान खरा. पण पहिल्याच दिवशी त्याने हँडल मारलं, ते उलटं फिरलं, आणि त्याचं मनगट काटकीसारखं मोडलं. मी समोर होतो. मनगट जुळलं, पण त्यानंतर रेडा सुरू झाला की तो परसात निघून जायचा. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पैलवान मित्र होता माझा.

मग आत्या लोहाराकडे गेली. चार महिने तिने त्याचा भाता ओढला, आणि तेवढ्या मजुरीत त्याने तिच्या पायाचं माप घेऊन रेडा बदलला. पुढचे तीन उन्हाळे ती माळावर होती. रुळाच्या तुकड्याचा एक दात मागे लावायचा, तो दगडाखाली घालायचा, दोन्ही गिअर पहिल्यात, आणि दांडा सोडायचा. रेडा कण्हायचा. दगड हलायचा नाही, हलायचा नाही, आणि मग दाढ उपटल्यासारखा वर यायचा. निघालेल्या दगडांचा तिने बांध घातला. खालून ओढ्याची माती पाट्यांनी वर नेली. सुरुवात पेट्रोलवर, तापला की रॉकेलवर. तिच्या अंगाला त्या वर्षांत रॉकेलचा वास यायचा आणि बायका विहिरीवर तिच्यापासून चार हात लांब उभ्या राहायच्या.

चौथ्या वर्षी थोरल्याला मुलीकडचे बघायला आले. मुलीचा बाप शेडमध्ये शिरला, पेडल नाही बघून म्हणाला, "हे असं कसं?" थोरल्याचा चेहरा पडला. बहीण राबते आणि हा बसून खातो, हे आता उघडं पडणार. मी मध्ये तोंड घातलं. पेडल, पैलवान, जमीन, बैल. मुलीचा बाप पोट धरून हसला आणि लग्न ठरलं. आत्या आतल्या दारात उभी राहून ऐकत होती; ती सगळ्यांत जास्त हसली. भावाचं जमत होतं ना. म्हणजे हा पुतण्या जो जन्माला आला, तो एका अर्थाने माझ्या थापेच्या पोटी.

इतक्यावर थांबलं असतं तर हरकत नव्हती. पण थोरल्याचे वडील वारले. माळ कुणी मोडला ते लिहून घ्यायला जमिनीच्या दप्तरातला कारकून गावात आला. दोन साक्षीदार हवे होते. थोरला माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू सगळ्यांना सांगितलेलंच आहेस की. नुसती सही कर." तो हसत म्हणाला, मी हसत केली. दुसऱ्या साक्षीदाराने माझी बघून केली. आत्याला कुणी विचारलं नाही. ती माळावर होती.

भिंगवाला पुतण्याकडे मुक्कामाला राहिला. दुपार कलता आत्या माझ्या ओट्यापाशी आली.

"तात्या, चपला घाल."

"कुठे?"

"दप्तरात. खरं सांगायला."

"मी?"

"मग कोण? खोटं कोण बोललं होतं?"

दीड कोस ती चालत आली. मी बैलगाडी बघतो म्हणालो, तर "गाडीत पाय बाहेर येतो, लोक बघतात," म्हणाली. तिचा पाय धुळीत अर्धगोल काढत होता, एकापुढे एक, कोयत्यासारखे.

दप्तरात बाकावर ती बसली तर पाय वाटेत आडवा. जो तो ओलांडून जाऊ लागला. शिपाई म्हणाला, "आजी, पाय आत घ्या."

"तो आत येत नाही."

"मग उभ्या राहा."

ती उभी राहिली. भिंतीला पाठ लावून, आमचा नंबर लागेपर्यंत.

कारकून तरुण होता. मला बघून खुलला. "अरे, तात्या! या या. परवा पाहुण्यांना तुमचा ढग सांगितला, काय हसलेत! बसा. काय काम काढलंत?"

मी सांगितलं. जेवढं वर लिहिलं तेवढंच, हातवारे न करता. कारकून आधी हसत होता, मग थांबला, मग मागे जाऊन एक जाडजूड चोपडं काढून आणलं. धूळ झटकली.

"ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं सांगितलंत?"

"हो."

"आणि आता खरं?"

"हो."

"कशावरून?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस फुस्सकन हसला. मग पलीकडचा. शिपाईसुद्धा. जन्मभर लोक हसावेत म्हणून मी काय काय केलं, आणि त्या दिवशी वाटलं, एकाने तरी हसू नये.

"रेडा येऊन बघा," मी म्हणालो. "डोळ्यांनी दिसतं."

"ट्रॅक्टरची साक्ष कोणत्या रकान्यात लिहू, तात्या?" मग त्याने आत्याकडे पाहिलं, आणि आवाज जरा उतरला. "असं करा. तो पारखी आलाय म्हणता ना? त्याचं लेखी आणा. हे यंत्र या बाईंच्या मापाने, या बाईंनी करवून घेतलं, आणि माळ त्यांनी मोडला. तेवढं सहीनिशी आणा. मग साहेबांपुढे ठेवतो. नुसत्या तुमच्या तोंडावर नाही जमायचं."

येताना आत्या एकदाच बोलली. "तो खोटं नाही लिहायचा. कानस फिरवलेली त्याला दिसली."

सकाळी आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा भिंगवाल्याचा मजकूर लिहून तयार होता. पुतण्या त्याच्या शेजारी बसला होता, ताज्या दाढीने. आम्ही कुठे जाऊन आलो ते त्याला कळलेलं दिसलं. आम्हाला बघून उठला आणि त्याने आत्याला स्वतः खुर्ची दिली. याआधी त्याने ती तिला कधी दिली नव्हती.

"ये आत्या. तुझंच चाललंय. साहेब म्हणतात, बाईने चालवलेलं यंत्र म्हणजे फार दुर्मीळ. ऐक तर खरी."

"मला वाचता येतं," आत्या म्हणाली आणि कागद घेतला. मी खांद्यावरून वाचला. असा होता:

"कारखान्यात डबे ढकलणारे हे यंत्र एका शेतकऱ्याने वापरात आणले. आपल्या अपंग बहिणीला विरंगुळा मिळावा म्हणून त्याने पदरमोड करून त्यात तिच्या सोयीचे बदल करवले. याच यंत्राने त्याने पडीक माळ लागवडीखाली आणला. भावाच्या मायेचे हे लोखंडी उदाहरण होय."

चाळीस वर्षं थापा मारल्या मी. ढग विहिरीत उतरवला, शेत उडवलं. पण ही थाप मला सात जन्मांत सुचली नसती. पुतण्याने एका रात्रीत जोडली होती, आणि तिला कुठे सांधा दिसत नव्हता.

"विरंगुळा," आत्या म्हणाली.

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"तीन उन्हाळे. उतरताना मांडीचं कातडं त्या सीटला चिकटून राहायचं. त्याला विरंगुळा म्हणतात होय?" तिने कागद भिंगवाल्यापुढे धरला. "तुम्ही काल सगळं वाचलंत ना लोखंडावर? मग हे कुठे वाचलंत?"

भिंगवाला आपल्या बुटांकडे बघत होता. "बाई, यंत्र कुणाच्या मापाचं ते लोखंड सांगतं. ते मी लिहिलंय. कुणी करवून घेतलं, ते लोखंड सांगत नाही. ते घरचे सांगतात."

"मी घरचीच आहे."

"मालकांनी सांगितलं ते लिहावं लागतं. माझे शेठ त्यांच्याकडून घेतायत."

"आत्या, तुझा मान राखलाय त्यात," पुतण्या म्हणाला. "चार लोक वाचतील. तुझा उल्लेख आहे, माझा नाही."

"माळ कुणी मोडला?"

"दादांनी."

"दादा परसात असायचा."

"तू चालवत होतीस, मी कुठे नाही म्हणतो? पण गाडी चालवणारा गाडीचा मालक असतो का? ड्रायव्हर होतीस तू." हे तो अगदी मऊ बोलला, पोराला समजवावं तसं.

"पुतण्या," मी म्हणालो, "तुझ्या बापाचं मनगट..."

"तात्या," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही आता नवीन काही काढू नका. लोक आधीच हसतायत."

भिंगवाल्याने पेन पुढे केलं. "बाई, खाली तुमची सही असती तर शोभलं असतं."

आत्याने पेन घेतलं. वाकली. "यात एक ओळ घाला," ती म्हणाली. "माळ बहिणीने मोडला. मग करते."

"चार ओळींचीच जागा असते."

तिने पेनाचं टोपण लावलं आणि परत दिलं.

"हरकत नाही," भिंगवाला म्हणाला, आणि मला वाटतं त्याला तेव्हा खरंच लाज वाटली असावी. "सही लागतेच असं नाही."

दहा वाजता ट्रक आला. मागे फळ्या लावल्या. हमालांनी रेड्याच्या पुढच्या आसाला साखळी घातली आणि ओढायला लागले, तसा आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"थांबा!" आत्या ओरडली. "दोन्ही पेट्या गिअरात आहेत. मोडाल."

"मग काढा की," हमाल म्हणाला. त्याने डावीकडे पाय घातला, पेडल शोधलं, नाही मिळालं. पुतण्याने चढून बघितलं, तोही उतरला. तो घरात जन्मला, पण त्याला रेडा चालवता येत नव्हता. तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हता.

पुतण्या नुसता तिच्याकडे बघत राहिला. मी मनात म्हणालो, नाही म्हण. मोडू दे.

तिने पदर खोचला. मागच्या पायरीवर उजवा पाय ठेवून एका झोक्यात वर गेली, पाय पन्हाळीत टाकला. छोट्या टाकीत पेट्रोल घालायला लावलं. सहा जणांनी ढकललं. तिने दांडा सोडला आणि रेडा खोकला, काळा धूर आला, कोंबड्या पत्र्यावर गेल्या, आणि तो सुरू झाला. तिने तापू दिला. रॉकेलवर घेतला. मग फळ्यांवरून मुंगीच्या चालीने वर नेला, एक चाक इकडे नाही, तिकडे नाही. बघणाऱ्यांतल्या एकाने शिटी मारली. ती शिटी कौतुकाची होती, आणि तेवढंच कौतुक मी तिचं जन्मात ऐकलं.

वर तिने बंद केला. सीटवरून मागे उतरली. तोवर हमालांनी फळ्या काढल्या होत्या. ट्रकच्या कडेशी ती उभी, खाली छातीएवढी उडी, आणि पाय वाकत नाही. रेड्याचं मागचं चाक कडेशी, बसायलाही जागा नाही. फळी परत लावायचा सगळ्यांनाच कंटाळा आला. दोघांनी तिला काखेत धरून उचललं आणि पोत्यासारखी खाली ठेवली.

"आजी हलकी आहे हो," एक जण म्हणाला. "कोंबडीएवढी."

हसले लोक. वाईट मनाने नाही हसले.

ट्रक गेला. धुरळा बसल्यावर आत्याने पुतण्याला विचारलं, "हरभऱ्याला अजून पंधरवडा आहे. काढून घेऊ देशील?"

"सोमवारी मशीन येतंय, आत्या. त्यांचं ठरलंय." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "तोवर निघेल तेवढा काढ. आणि आता स्वयंपाक वेगळा कशाला करतेस? ताट येईलच."

त्या दिवशी शनिवार होता.

रविवारी उजाडता मी माळावर गेलो. ती आधीच होती. सहा सऱ्या उपटून झाल्या होत्या. हिरवा, ओला हरभरा. घाट्यांत दाणा नखाएवढा, दाबला की पाणी. वाळवून त्याचं काही होणार नव्हतं. तरी उपटत होती. डावा पाय बाजूला पसरून जमिनीवर बसायची, हात पोचेल तेवढं उपटायची, मग हातांवर रेटून पुढे सरकायची. हरभऱ्याच्या पाल्यावर सकाळी आंब असते. चिरा पडलेल्या बोटांत ती मिठासारखी झोंबते. तिची बोटं लाल झाली होती. बांधाच्या पलीकडे खडीवाल्यांनी चुन्याने रेघ मारली होती आणि चार खुंट्या ठोकल्या होत्या.

मी कडेच्या सरीला बसलो. एक रोप उपटलं, दुसरं उपटलं. माती झटकून पेंढी केली. म्हटलं, दोघांनी केलं तर संध्याकाळपर्यंत अर्धा माळ होईल.

"तात्या," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. ती उपटायची थांबली नव्हती.

"उद्यापर्यंत माळ माझा आहे ना?"

"आहे."

"मग माझ्या माळावर कोण येणार, ते मी ठरवते." तिने रोप उपटलं, मुळाची माती दगडावर आपटून झाडली, ती माती हाताने गोळा करून परत सरीत सारली. "खाली उतर."

राग नव्हता आवाजात. पिकात शिरलेल्या शेळीला हाकलताना असतो तेवढाही नाही. मी हातातली पेंढी कुठे ठेवावी ते मला कळेना. तिच्या ढिगावर ठेवायला गेलो तर तिने हात आडवा केला. मग ती सरीतच ठेवली आणि बांध उतरलो.

खाली रस्त्यावर येऊन वर पाहिलं. ती माझ्या सरीपर्यंत सरकत आली होती. माझी पेंढी तिने उचलली, बांधावरून पलीकडे, चुन्याच्या रेघेपलीकडे टाकली, आणि माझ्या सरीत उरलेलं रोप मुळाशी धरलं.